तीन दिवसांचा चीक

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही दुपारची आहे. आणि खरी आहे.

ज्यांना खोटी वाटेल त्यांनी खुशाल नाक मुरडावं. मला काही बक्षीस मिळवायचं नाही. ज्या बाईनं हे भोगलं ती माझी सख्खी मावशी, वासंती. खोटं बोलायचं म्हटलं तरी तिला जमायचं नाही, कान लाल व्हायचे. तिनं हे मला एकदाच सांगितलं. का सांगितलं, ते शेवटी येईलच.

जेवता जेवता वाचत असाल, तर ताट आधी बाजूला ठेवा.

जानेवारी १९५६. गिरगावातली एक वाडी, वाडीतली तीनमजली चाळ, दुसरा मजला, टोकाची खोली. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही अशी बातमी रेडिओवर आली आणि गिरगाव पेटलं. दगड, अश्रुधूर, गोळ्या. मग संचारबंदी.

वासंती पहिलटकरीण. दिवस भरलेले. रीतीप्रमाणे पहिलं बाळंतपण माहेरी, करी रोडला व्हायचं. माझ्या आजीनं डिंक तळून ठेवला होता, टॅक्सीवाल्याला सांगून ठेवलं होतं. पण संचारबंदीत कसली टॅक्सी आणि कसलं माहेर!

नवरा, चिंतामणी, मोर्चात गेला तो पोलिसांच्या गाडीत बसून थेट तुरुंगात.

घरात उरली तीन माणसं. सासरे अप्पा, दोन्ही कानांनी ठार बहिरे. सासूबाई, राधाबाई. आणि ही.

पहाटे वाडीतली दुर्गा सुईण मागच्या जिन्यानं आली. उजाडता उजाडता मुलगा झाला. रडला. चांगला खणखणीत रडला.

"द्या ना इकडे," वासंती म्हणाली.

हात आपोआप पुढे गेले होते. कोणी शिकवलं नव्हतं. छातीत कळ आली, अंग त्या पोराकडे ओढलं जात होतं.

सासूबाईंनी बाळ दुपट्यात गुंडाळलं आणि पाठ फिरवली.

"आमच्यात तीन दिवस पाजत नाहीत. पहिलं दूध वाईट. चीक असतो तो. विष."

"अहो आई, पण भूक लागली असेल त्याला…"

"गुळाचं पाणी आहे. बोळा आहे. आम्ही काय पोरं वाढवली नाहीत?"

दुर्गा सुईण हात धुऊन, लुगडं नि नारळ घेऊन, आली तशी मागच्या जिन्यानं गेली. पहिलटकरणीचं कोण ऐकतंय! तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

बाळंतिणीची खाट आतल्या खोलीत. तिथेच चूल, तिथेच कोपऱ्यात मोरी. हातभर उंचीचा कठडा, काळा दगड, आणि कोपऱ्यात पाणी जायचं भोक. त्यावर लोखंडी जाळी. खाटेवरून सगळं समोर दिसायचं.

सासूबाईंनी वाटी आणली. वासंतीचं दूध पिळून काढलं. लोण्याला हात घालावा तसे त्यांचे हात चालत होते. वाटीत थोडंसंच आलं. पिवळं, दाट, चिकट.

"बघ," त्या म्हणाल्या. "पू आहे नुसता. हे पाजणार होतीस लेकराला?"

आणि वाटी नेऊन त्यांनी मोरीत ओतली.

वासंतीला खटकलं. तिची आई सांगायची, बाईचं दूध कुठेही टाकू नये. झाडाच्या मुळाशी घालावं. खोलीबाहेर गॅलरीत, चार पावलांवर तुळस होती. सासूबाई तिकडे गेल्या नाहीत. मोरीतच ओतलं. आणि ओतून झाल्यावर उठल्या नाहीत. कठड्याला धरून उकिडव्या बसून राहिल्या.

कशाची तरी वाट पाहिल्यासारख्या.

मग…

चुप्… चुप्… चुप्…

वासंतीनं बाळाकडे पाहिलं. ते झोपलं होतं. ओठ मिटलेले होते.

आवाज थांबला, तेव्हाच सासूबाई उठल्या.

दुसरा दिवस उजाडला. बाहेर सगळं बंद. ट्रामची घंटा नाही. कल्हईवाला नाही, बोहारीण नाही. एरवी कान किटवणारी ती वाडी, पण आता नुसती शांतता. दुपारी तर भिंतीतला पाण्याचा नळ गळतोय तेही ऐकू येत होतं.

बाळ कमी रडू लागलं होतं.

"शहाणं आहे," सासूबाई म्हणाल्या.

वासंतीला ते शहाणपण वाटेना. त्याचे ओठ सुकले होते. जिभेवर पांढरा थर आलेला. गुळाच्या पाण्याचा बोळा तोंडात घातला की चोखायचं, आणि लगेच सोडून द्यायचं. आपल्याला फसवताहेत हे त्याला कळत होतं, असं मावशी मला म्हणाली.

"आई, याला काहीतरी होतंय. मला कळतंय."

"तुला काय कळतंय? काल बाळंत झालीस, आज वैद्य झालीस? बाळंतिणीचं डोकं हलकं असतं. कानात कापूस घाल नीट. वारं शिरेल."

कापूस होताच कानात. शिवाय डोक्याला फडकं. तरीही ऐकू येत होतं.

सासूबाईंनी दिवसातून पाच वेळा दूध काढलं. पाचही वेळा मोरीत ओतलं. पाचही वेळा…

चुप्… चुप्… चुप्…

आणि आता वास येऊ लागला. उन्हात राहिलेल्या दुधाच्या चरवीचा येतो ना, तसा. आंबूस, गोडसर, घशाला चिकटणारा. शेपा-ओव्याची धुरी घातली, उदबत्त्या लावल्या. वास त्यांच्यावर चढून बसला. मोरीच्या काळ्या दगडावर पिवळट साय धरली होती. बादलीभर पाणी ओतलं तरी हलायची नाही, नुसती थरथरायची.

गोड वास, दाट साय. पण मुंगी नाही. माशी नाही. त्या चाळीत साखरेचा दाणा सांडला तरी मुंग्यांची रांग लागायची. मोरीकडे मात्र एक मुंगी फिरकली नाही.

दुपारी सासूबाई वाटी कठड्यावर विसरून अप्पांना वाढायला बाहेर गेल्या. वाटीच्या तळाला चीक लागलेला होता. वासंतीचा डोळा लागला. पाच मिनिटं, फार तर.

जाग आली तेव्हा वाटी जाळीशेजारी पडलेली.

चाटून पुसून लख्ख.

"घूस असेल," सासूबाई म्हणाल्या. पण वाटी उचलताना त्यांनी ती पदरानं धरली, हातानं नाही.

आणि याहून वाईट गोष्ट वासंतीनं कोणालाच सांगितली नव्हती. सांगायची लाज वाटत होती, आणि स्वतःचीच किळस. मोरीतून तो आवाज आला की तिला पान्हा फुटायचा. बाळ मांडीवर निपचित. आणि तिकडे चुप् चुप् झालं की इकडे चोळी भिजायची. अंग तिचं, दूध तिचं, लेकरू तिचं. आणि हाक मात्र भलत्याचीच लागत होती.

तिसरा दिवस.

संचारबंदी दोन तास उठली, तेवढ्यात भैया दूध घालून गेला. त्याची म्हैस व्यायली होती. त्यानं लोटीभर चीक आणून दिला.

सासूबाई हरखल्या. गूळ घातला, वेलची कुटली, जायफळ किसलं, आणि मोदकपात्रात खरवस लावला. दुपारी बारा-साडेबारापर्यंत खोलीभर त्याचा वास. खालून मोरीचा आंबूस, वरून खरवसाचा गोड. दोन्ही मिसळले.

बाहेरच्या खोलीत अप्पा वड्या खात होते. बहिऱ्या माणसाला आपल्या मचमचीचा आवाज कळत नाही.

"वा! झकास झालाय!" ते ओरडून म्हणाले. "चिकाची सर कशाला नाही! ताकद असते हो त्यात. वासरू दोन दिवसांत उड्या मारायला लागतं!"

वासंतीनं बाळाकडे पाहिलं.

टाळू खोल गेली होती. डोळे अर्धवट उघडे. तोंड उघडत होतं आणि मिटत होतं, पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखं. आवाज नव्हता. सकाळपासून ते एकदाही रडलं नव्हतं.

तिनं कानातला कापूस काढून फेकला.

"अहो आई! इकडे या!"

सासूबाई दारात आल्या. हातात खरवसाची बशी.

"म्हशीचा चीक तुम्ही वेलची घालून खाता. आणि माझा चीक विष? माझं पोर मरतंय इथे, आणि तुम्ही बोटं चाटताय? शिसारी येते मला तुमची!"

सासूला असं बोलायचे दिवस नव्हते ते. पण बोलली. बोलता बोलताच तिनं चोळीची गाठ सोडली, बाळाला उचललं…

आणि सासूबाईंच्या हातातली बशी पडली.

"नको! पोरी, पाया पडते, नको! ते त्याचं आहे!"

वासंतीचा हात थांबला.

"कोणाचं?"

सासूबाईंनी मोरीकडे पाहिलं.

"थोरल्याचं."

चिंतामणीला थोरला भाऊ होता हे वासंतीला त्या दिवशी कळलं. याच खोलीत जन्मला. तीन दिवस जगला. राधाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या. त्यांच्या सासूनं पाजू दिलं नाही. पहिलं दूध वाईट. तीन दिवस गुळाचं पाणी. तिसऱ्या दुपारी पोर राधाबाईंच्या मांडीवर गेलं, तेव्हा त्यांच्या दुधाची भरलेली वाटी कठड्यावर होती. सासूनं ती मोरीत उपडी केली.

"आणि मोरीतून…" सासूबाई म्हणाल्या. त्यांनी जाळीकडे बोट केलं.

"पुढे चिंतामणी झाला. त्याच दिवशी हा मोरीत रडायला लागला. मी घाबरले गं. मी स्वतः ओतलं, तीन दिवस, थेंबन् थेंब. तेव्हा कुठे त्यानं चिंतामणी माझ्याकडे ठेवला. पहिले तीन दिवस त्याचे. आजचा दिवस काढ फक्त. संध्याकाळपर्यंत. नाही दिलंस तर नेईल तो ह्याला!"

इकडे आड, तिकडे विहीर. क्षणभर वासंतीचाही धीर सुटला. खरंच नेलं तर?

आणि तेवढ्यात मोरीतून रडणं आलं.

तान्ह्या पोराचं. ट्यांहां… ट्यांहां… पण ओलं. घशात काहीतरी साचल्यासारखं, गुळगुळ वाजत.

वासंतीला पान्हा फुटला. मोरीच्या हाकेला. नेहमीसारखा.

तिनं खाली पाहिलं. दुधाचा पिवळा थेंब तिच्या अंगावरून ओघळून बाळाच्या गालावर पडला होता. आणि ते मरायला टेकलेलं पोर… डोळे मिटलेले, अंगात त्राण नाही… त्यानं मान त्या थेंबाकडे वळवली.

बस्स. एवढंच पुरलं तिला.

"तो काय नेणार?" ती ओरडली. "तुम्हीच नेताय ह्याला! त्याला उपाशी मारलंत, आता ह्यालाही मारताय!"

तिनं बाळाला छातीशी धरलं. त्याला ओढायची ताकद नव्हती. मग तिनं बोटानं दाबून थेंब थेंब त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात सोडला. एक. दोन. तीन. बाहेर ओघळले.

चौथा आत गेला.

गुटुक.

मोरीतलं रडणं एकदम थांबलं.

मग… जाळी हलली.

लोखंडी, जड जाळी. ती कडेला सरकली. भोकातून पिवळट पाणी वर आलं, सायीचे तुकडे तरंगत. वास वासंतीच्या डोळ्यांना झोंबला. आणि त्या पाण्यात, भोकाच्या तोंडाशी, काहीतरी पांढरं दिसलं.

ओठ.

नुसते ओठ. तान्ह्या पोराचे, पण फार दिवस पाण्यात भिजून फुगलेले, सुरकुतलेले, पांढरेफटक. भोकाच्या कडेला घट्ट चिकटलेले. उघडत होते. मिटत होते. आत दात नाहीत, जीभ नाही, नुसता काळोख.

चुप्… चुप्… चुप्…

वासंतीला भडभडून ओकारी आली. ती मान बाजूला वळवून ओकली. पण बाळ सोडलं नाही. एका हातानं त्याला धरलेलं, ते गुटुक गुटुक गिळत होतं. ओकतानाही तिचं बोट थांबलं नाही.

पाणी कठड्याच्या वर चढलं. फरशीवर आलं. खाटेच्या पायापर्यंत आलं.

तेव्हा सासूबाई उठल्या.

त्या कठडा ओलांडून मोरीत गेल्या. त्या घाणीत मांडी घालून बसल्या. पन्नाशीला आलेली बाई. त्यांनी चोळी सोडली.

"ये रे माझ्या राजा," त्या म्हणाल्या. "तिचं नको. तुझ्या आईचं घे."

आणि त्या भोकावर ओणवल्या.

वासंतीनं डोळे घट्ट मिटले. पण कान उघडे होते. कापूस तिनंच काढून फेकला होता. बराच वेळ तेच ऐकू येत राहिलं. आणि मधूनमधून सासूबाईंचं हळू आवाजातलं हूं… हूं… बाळाला थोपटताना करतात तसं. बाहेर अप्पांनी आणखी एक वडी मागितली.

तिनं डोळे उघडले तेव्हा पाणी उतरलं होतं. जाळी जागेवर होती. सासूबाई कठड्याला टेकून बसल्या होत्या. त्यांच्या कोरड्या, सुरकुतल्या अंगावरून पिवळा, दाट चीक ओघळत होता.

थोरला गेल्यावर, बत्तीस वर्षांनी.

बाळ जगलं. संध्याकाळपर्यंत ओढून प्यायला लागलं. दुसऱ्या दिवशी रडलं, तेव्हा सगळ्या मजल्यावरच्या बायका दारात आल्या. संचारबंदी उठली तशी माझी आजी आली. पंधरवड्यानं चिंतामणी सुटून आला. मुलाचं नाव मनमोहन ठेवलं. माझा मावसभाऊ. आज सत्तरीला टेकलाय, धडधाकट आहे. त्याला यातलं काही माहीत नाही.

सासूबाई आणखी अकरा वर्षं जगल्या. त्या दिवसापासून रोज दुपारी मोरीला लुगड्याचा आडपडदा लावून अर्धा तास आत बसायच्या. सगळे म्हणायचे, म्हातारी अंघोळीला फार वेळ लावते. त्यांच्या चोळ्या वासंती धुवायची. डाव्या बाजूला पिवळट डाग, कडक झालेला, आंबूस. दर वेळी तिला उलटी यायची. पण सासूला ती पुन्हा कधी टाकून बोलली नाही.

सासूबाई गेल्या. तेरावं झालं. चौदाव्या दिवशी दुपारी मोरीतून रडणं आलं.

वासंतीनं वाटीभर दूध घेतलं, भैयाचं. आणि मोरीत ओतलं.

त्यानंतर रोज.

आता मला हे का सांगितलं ते सांगते.

१९७९ साली मी माझ्या तीन महिन्यांच्या बेबीला घेऊन मावशीकडे गेले होते. दुपारची वेळ. जेवणं झाली होती. मी आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसले होते. बेबी पिऊन तृप्त होऊन माझ्या मांडीवर गाढ झोपली होती. मावशी वाटीत दूध घेऊन मोरीकडे निघाली. मला वाटलं, मांजराला असेल.

आणि मला एकाएकी पान्हा फुटला.

बेबी हललीसुद्धा नव्हती. पण पदर भिजला, ब्लाउज भिजला, दूध पोटावरून ओघळायला लागलं. थांबेना. मी गडबडून गेले. कुठूनतरी आंबूस वास आला…

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. मग मोरीकडे पाहिलं. तिनं हातातली वाटी तिथेच खाली ठेवली.

"ऊठ," ती म्हणाली. "पोरीला घे आणि जा. आत्ताच्या आत्ता."

"अगं पण काय झालं?"

"त्याला बाईचं दूध बारा वर्षांत मिळालेलं नाही."

मी काही समजले नाही. पण तिचा चेहरा पाहिला आणि उठले. चपलासुद्धा घातल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी ती आमच्या घरी आली, दार लावून घेतलं, आणि हे सगळं सांगितलं. मी विचारलं, एवढी किळस येते तर कशाला घालतेस गं दूध? सोड ती खोली. ती म्हणाली, "किळस येतेच. पण पोर आहे ते. उपाशी ठेवलेलं. त्याच्या तोंडचं कोणी काढलं, आठव."

मावशी गेली त्याला बरीच वर्षं झाली. ती खोली बंद आहे. वाटी आता कोणी भरत नाही.

मी खरवस खात नाही. त्या वाडीवरून जावं लागलं तर वळसा घालून जाते. माझं दूध आटून जन्म लोटला, तरी त्या दुपारचं आठवलं की हात आपोआप पदराकडे जातो, कोरडा आहे ना ते पाहायला.

त्या दिवशी बेबीला घट्ट धरून अनवाणी जिना उतरले, वाडी ओलांडली, एके काळी ट्राम जायची त्या रस्त्यावर आले. तिथवर माझा पान्हा थांबला नव्हता. आणि जिन्यावर असताना, पाठीमागे, भिंतीतून उतरणाऱ्या मोरीच्या पाइपातून… एकेक मजला माझ्याबरोबर खाली येत होतं…

चुप्… चुप्… चुप्…